काळा धागा न बांधलेली बॅटरी

मिलिंद झोपला नव्हता.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. वर्षभर मी अख्ख्या इंदूरकडून एकच वाक्य ऐकतेय, "चार्जिंग पे लगाके सो गए होंगे बेचारे." म्हणून हे सगळ्यात आधी लिहिते.

माझा नवरा जागा होता. चार्जरशेजारी, खुर्चीवर, नेहमीसारखा.

सांवेर रोडच्या फॅक्टरीतून घरी आला की बूट काढायच्या आधी ड्रोनच्या बॅटऱ्या बघणारा माणूस होता तो. ड्रोन एक, बॅटऱ्या ढीगभर.

मी चिडवायचे, "माझा बर्थडे विसरतोस, यांचं चार्जिंग बरं लक्षात राहतं."

म्हणायचा, "तू फुगलीस तर दोन दिवसांत उतरतेस. ये फूल गई तो घर जाएगा."

उडवायची नसेल तर बॅटरी फुल ठेवायची नाही, अर्धीच ठेवायची. उन्हात गाडीत सोडायची नाही. चार्जर चालू असेल तर खोलीतून हलायचं नाही. चहासुद्धा मी तिथेच नेऊन द्यायचे.

आणि काळा धागा.

जी बॅटरी उडताना पडली, जिला मार लागला, तिला काळा धागा बांधायचा. बाहेरून ती अगदी ठीक दिसते. आतून कधी पेटेल याचा नेम नाही. धागावाली बॅटरी चार्जरला लागत नाही, खोलीत येत नाही. थेट गॅलरीत, मिठाच्या पाण्याच्या बादलीत.

आम्ही बौद्ध. मिलिंदचे आजोबा महूला फौजेत होते, तेव्हापासून या घरात नजर नाही, लिंबू-मिरची नाही. काळा धागा फक्त बॅटऱ्यांच्या बॅगेत.

सासूबाई त्याला म्हणायच्या, "तू और धागा?"

"आई, नजर नाही गं. मार दिसत नाही ना, म्हणून बांधतो."

ड्रोन उडवणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये त्याने नियमच केला होता. ज्याच्या हातून पडली त्याने स्वतः धागा बांधायचा. कुणी रागावणार नाही, कुणी हसणार नाही.

पंकज, तुला हा नियम माहीत होता.

वर्षभर मी "पंकज भिया, तुम्ही" म्हणत होते. आजपासून तू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पंकज आमच्या ड्रोन ग्रुपचा अॅडमिन. मिलिंदचा जिगरी. दर रविवारी परदेशीपुऱ्यात आमच्या घरी पोहे खाऊन मगच उडवायला निघायचा.

त्या रविवारी मिलिंदला ड्यूटी होती. पंकज त्याचा ड्रोन आणि बॅटऱ्यांची पूर्ण बॅग मागून घेऊन गेला. मानपूरकडच्या टेकड्यांवर नवीन लोकांना उडवून दाखवायचं होतं. संध्याकाळी बॅग परत आणली, दारातूनच.

"कैसा रहा?" मिलिंदने विचारलं.

"एकदम मक्खन, भिया. एक बार भी नहीं गिरा."

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. माझ्या कानांनी ऐकलंय.

मिलिंदने एकेक बॅटरी हातात घेऊन पाहिली. धागा कुठेच नव्हता. मित्राच्या शब्दावर त्याने चार बॅटऱ्या ट्रेमध्ये ठेवून चार्जर लावला आणि शेजारी बसला.

थोड्या वेळाने फटाका फुटावा तसा आवाज आला. मी स्वयंपाकघरातून धावले तोवर तो पेटलेला ट्रे हातांनी उचलून गॅलरीत पोचला होता. खोलीत नुसता धूर, आणि आत पलंगावर सासूबाई. तो परत आत गेला. आईला बाहेर काढलं.

आई आहे. तो हॉस्पिटलमधून आला नाही. डॉक्टर म्हणाले, धूर फुफ्फुसात गेला.

चारही बॅटऱ्यांचा कोळसा झाला होता. कोणती आधी पेटली, का पेटली, हे मला सांगता आलं नसतं. कुणालाच नसतं.

मिलिंदच्या जलदान विधीच्या दिवशी पंकज सगळ्यात पुढे. पांढरा कुर्ता, लाल डोळे. माझ्या भावाला सांगत होता, "वो गिरी हुई बैटरी थी ना, मिलिंद भिया धागा बांधना भूल गए. लापरवाही हो गई."

मी बसल्या जागेवरून विचारलं, "पडलेली होती, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"अंदाज़ा है, भाभी." आणि चपला शोधायला लागला.

मिलिंदने त्या आठवड्यात ड्रोन उडवलाच नव्हता. उडवला होतास फक्त तू. संध्याकाळी दारात "एक बार भी नहीं गिरा", आणि जलदानाला "गिरी हुई". दोन्ही वेळा तोंड तुझंच.

पडली म्हणून मी चिडलेली नाही रे. ड्रोन सगळ्यांचेच पडतात. नव्या लोकांसमोर तुझं नाक कापलं जाऊ नये म्हणून तू एक धागा बांधला नाहीस. मग तेच नाक वाचवायला मेलेल्या माणसाला निष्काळजी ठरवलंस. पहिलं मी कदाचित गिळलं असतं. दुसरं माझ्या घशाखाली उतरत नाही, आणि तुझ्याही उतरू देणार नाही.

परवा तुझा मेसेज आला. "भाभीजी, संडे को मिलिंद भिया की याद में फ्लाइंग मीट रखी है. चीफ गेस्ट आप. रिबन आप ही काटेंगी."

येते ना. नक्की येते. सासूबाईंनाही आणते.

रिबन तूच काप. मला तुझा हात हवाय. सगळ्यांसमोर, माइक चालू असताना, मिलिंदच्या बॅगेतला काळा धागा मी तुझ्या मनगटावर बांधणार आहे. नवीन लोक विचारतील, भाभी ये क्या? मग मी त्यांना मिलिंदचा नियम समजावून सांगीन. धागा कुणाला बांधतात, आणि बांधल्यावर त्याला घरात का घेत नाहीत.

तू आला नाहीस तरी हरकत नाही. इथे पूर्ण ग्रुप टॅग केला आहे.

खाली कुणी भावपूर्ण श्रद्धांजली लिहू नका. लिहायचंच असेल तर एवढंच लिहा, मिलिंद जागा होता.

मिलिंद, आई बरी आहे. गॅलरीतली बादली मी अजून भरून ठेवते.

जय भीम.