आधी घडी, मग कुलूप

ज्याच्याकडे फक्त स्वतःचीच दुसरी प्रत नाही, असा माणूस अख्ख्या वसईत एकच, आणि नेमका तोच माझा साडू. उमेळ्याच्या त्यांच्या घरात छत्र्या दोन, चष्मे दोन आणि किल्ल्यांचे जुडगे तीन, पैकी एक आमच्याकडे. दोन हजार सालच्या आसपास घरात कॉम्प्युटर आला आणि माकडाच्या हाती कोलीत मिळालं. त्यांनी बॅकअपचं सॉफ्टवेअर घेतलं. त्याला फाइल दाबून लहान करणारं एक प्लगइन जोडलं आणि पासवर्डचं कुलूप लावणारं दुसरं. पहिल्या खेपेला कुलूप आधी लावलं, तर फाइल काही केल्या लहान होईना. तेव्हापासून "आधी घडी, मग कुलूप" हा त्यांचा मंत्रच झाला. गावाला निघताना फुगलेल्या बॅगेवर बसूनही ते तोच म्हणत. पुढे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली, तिने जुन्या कुलपाला ओळखच दाखवली नाही. तर या गृहस्थांनी तेवढ्यासाठी जुना कॉम्प्युटर म्हाताऱ्या बैलासारखा पोसला.

भाषेतही तोच काटेकोरपणा. घरी सगळे 'पानी' म्हणणारे. ऑफिसात कोणी तरी हसलं म्हणून हे 'ण' शिकले, आणि असे शिकले की पासवर्ड लिहितानाही 'ण'ला कॅपिटल एन, 'न'ला स्मॉल.

साडूंच्या मुलीच्या हळदीला त्यांच्या वारलेल्या आईची गाणी वाजवायची ठरली. म्हातारीने ती याच कॉम्प्युटरपुढे बसून गायली होती. प्रती पाच होत्या, पण पाचही एकाच कुलपात! पासवर्ड 'लोणचं'. साडूंनी कॅपिटल एन घालून टाकला. चूक. पुन्हा टाकला. पुन्हा चूक.

"साडूभाऊ, आईचा आवाज गेला हो," म्हणत ते मटकन खाली बसले. मलाही भरून आलं, आणि तसं झालं की मी चिडतो.

"अहो, पासवर्ड सुचवला कोणी?"

"आईनेच. आये, तुला काय आवडतं विचारलं, तर म्हणाली, लोनचं रं बाबा, आनि काय!"

म्हणता म्हणता ते थांबले. स्मॉल एन टाकला आणि कुलूप उघडलं.

गाण्याआधी थोडी खरखर झाली, मग म्हातारीचा आवाज आला, "थांब रं, आदी पानी दे."

साडू खरंच उठून माठाकडे गेले. भरला तांब्या घेऊन परत आले, तेव्हा तो कोणाला द्यावा हे त्यांना कळेना. मी घेतला आणि प्यायलो.