बोटीच्या फ्लोअरची खालची बाजू

ग्राइंडर बंद केला आणि फ्लोअरचा कापलेला तुकडा पहारीनं उचलला. तो अख्खा आलाच नाही. वरचं फायबरचं कवच हातात आलं आणि खालचं प्लायवुड काळ्या चोथ्यासारखं तळात पडलं.

नामदेवतात्या शेजारी उभे होते. वाकून त्यांनी तो चोथा मुठीत दाबला. बोटांतून पाणी गळलं.

"ह्याच्यावर आमी मानसं बसवत हुतो," ते म्हणाले.

तात्या पळसदेवकडचे. धरणाच्या फुगवट्यात मासे धरतात, पलीकडच्या काठाला माणसंही सोडतात. ही फायबरची बोट त्यांच्याकडं बारा वर्षं होती. एका योजनेतून मिळालेली. कुणी बनवली, ते त्यांना ठाऊक नव्हतं. पंधरवड्यापूर्वी त्यांच्या बायकोनं, सोजरकाकूंनी, माशांचा क्रेट उचलून पुढच्या सीटपाशी पाय टाकला आणि पाय गुडघ्यापर्यंत फ्लोअरमधून खाली गेला. बोट काठाला होती म्हणून नुसतं हाड मोडलं. तात्यांनी बोट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवली आणि पिंपळीला माझ्या बोटी दुरुस्तीच्या शेडवर आणली.

फायबरची बोट सडते कशी, असं लोक विचारतात. बोटीचं बाहेरचं कवच सडत नाही. ते काचेच्या धाग्यांच्या चटईत रेझिन, म्हणजे वाळून कडक होणारं रसायन, जिरवून केलेलं असतं. पण आत तळावर लांबीनं लाकडी तुळया असतात. त्यांना आम्ही स्ट्रिंजर म्हणतो. त्यावर प्लायवुडच्या फळ्या आणि त्यावर पुन्हा फायबरचा थर, असं फ्लोअर बनतं. फळी बसवण्याआधी तिला वरून, खालून आणि चारी कडांना रेझिन पाजायचं, हा नियम. खालची बाजू कोरी सोडली तरी वरून फ्लोअर कित्येक वर्षं नवंच दिसतं.

"पानी आत गेलं कुठनं?" तात्यांनी विचारलं.

"सीटच्या स्क्रूच्या भोकांतनं. थोडं जातंच. पण तेवढ्यानं असं होत न्हाय. खालनं रेझिनच मारलेलं न्हाय."

"कुनी केलं आसं?"

मी पुढचा तुकडा कापला. बोटीच्या नाकाकडची जागा उंच असते, तिथं पाणी कमी साचतं. ही फळी बरीच शाबूत निघाली. उलटी केली. खाली कोरं लाकूड, आणि त्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं : 'पुढं, डावी'. 'ढ'वरचं टिंब पोकळ गोल काढलेलं. शाळेपासून मी टिंब तसंच काढतो.

मी फळी पालथी ठेवली. "तात्या, तुमी आता घरी जावा," म्हणालो. "उघडायला दोन दिवस लागतील."

तात्या गेले. मला दोन दिवस मिळाले.

बारा वर्षांपूर्वी मी दुसऱ्याच्या शेडवर कामाला होतो. फायबरचे थर देणाऱ्या सगळ्यांचा मुख्य मीच. सहा बोटींची ऑर्डर होती आणि तारीख जवळ आली होती. प्लायही स्लॅबच्या सेंट्रिंगचं, स्वस्तातलं आणलेलं. मी शेठना म्हणालो, "शेठ, प्लायला खालून कोट राहिलाय."

"रशीद, खालून कोण बघायला जातंय? बसव."

मी बसवलं. एकदा विचारलं, दुसऱ्यांदा विचारलं नाही. नोकरी होती, घर होतं, हे सगळं खरं आहे. पण माझा हात कुणी धरला नव्हता. दोन दिवसांत सहाही बोटींच्या फळ्या कोऱ्या बसल्या. तपासणीला आलेल्या साहेबांनी वरून टाच आपटून बघितली आणि सही केली.

आता शेठ प्लॉटिंगच्या धंद्यात आहेत. मी त्यांना फोन केला. सगळं सांगितलं.

"बारा वर्षं चालली ना? मग अजून काय पाहिजे?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मला राग आला तो वेगळ्याच कारणानं. आदल्या दिवसापासून तात्यांना सांगायला मी हेच उत्तर जुळवत होतो.

तिसऱ्या दिवशी तात्या आले. मी फळी अक्षर वर करून त्यांच्यासमोर ठेवली. "तात्या, हे अक्षर माझं हाय. ही बोट मीच केलीया."

त्यांनी अक्षरावरून अंगठा फिरवला.

"खालनं रेझिन न्हाय मारलं, ते तवा ठावं हुतं?"

"व्हय."

"आन आसं सडतंय, ते?"

"ते बी ठावं हुतं."

त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं. मी म्हणालो, सगळं नव्यानं करून देतो, मजुरी घेणार नाही.

"मजुरी घ्या," तात्या म्हणाले. "फुकटाच्या कामाचा जाब इचारता येत न्हाय."

सगळं फ्लोअर काढलं. दोन्ही तुळया काढल्या, त्याही खोडरबरासारख्या झालेल्या. तळ घासून आठ दिवस उन्हात वाळवला, कारण ओल्या तळावर रेझिन धरत नाही. नव्या तुळया बसवून त्यांच्यावरून फायबर घेतलं. साचलेलं पाणी मागं वाहून जावं म्हणून त्यांना खालून वाट ठेवली. या वेळी पाण्यात टिकणारं मरीन प्लाय. खालून दोन हात रेझिन, कडांना तीन.

तात्या रोज एसटीनं यायचे. पालथ्या ड्रमवर बसून बघायचे. चहा घ्यायचे नाहीत. शेवटच्या दिवशी काकूंचं प्लास्टर काढायला दवाखान्यात जायचं होतं, म्हणून ते आले नाहीत. पुढच्या दोन फळ्या त्या दिवशी बसल्या.

बोट न्यायला आले तेव्हा त्यांनी सगळ्या फ्लोअरवर चालून बघितलं. टाच आपटली. आवाज भरीव आला. मग पुढच्या सीटपाशी थांबले.

"ड्रिल लावा हितं."

"कशाला?"

"ह्या फळ्या बसल्या तवा मी नव्हतो."

विश्वास ठेवा, असं म्हणायला माझं तोंड उघडलं होतं. मिटलं. माझ्याच नव्या कामाला मी बोट जाईल एवढं भोक पाडलं. तात्यांनी आत बोट घातलं, वाकवलं आणि फळीची खालची बाजू चाचपली. रेझिन वाळलं की काचेसारखं गुळगुळीत लागतं.

"हाय," ते म्हणाले. मग उजवीकडं दाखवलं. "आता हितं."

तिथंही भोक पाडलं. तिथंही बोट घातलं. "हाय."

दोन्ही भोकं बुजवून मी उभा राहिलो. तात्यांनी विचारलं, "आशा आजून किती?"

"पाच."

"कुठं हायेत?"

"ठावं न्हाय."

"मंग हुडका."

मी शोधल्या. एक कळसला एका शेततळ्याच्या कडेला उपडी पडलेली सापडली. एक कधीच मोडून गेली होती. दोन बोटींचा पत्ता लागला नाही. पाचवी पाण्यात होती, रोज माणसं नेत होती. मी तिच्या मालकाला म्हणालो, फ्लोअर उघडून बघू द्या.

"काम मिळवायला आलाय काय?" तो म्हणाला.

"न्हाय. मीच केलीया ती. चुकीची केलीया."

तो हसला. "मंग तुमच्याच हातात परत कशाला दिऊ?"

 ती बोट तपासा म्हणून मी योजनेच्या कचेरीत अर्ज दिला. पोच मिळाली, उत्तर अजून नाही. मालकाला दोनदा परत भेटलो. दुसऱ्यांदा त्यानं मला बोटीवर चढू दिलं नाही.

सोजरकाकू आता काठी घेऊन चालतात. ती पाचवी बोट अजून चालू आहे.

या धंद्यात मी एवढंच शिकलो. जे सांगायचं ते फळी बसवण्याआधी सांगायचं असतं. बारा वर्षांनी खरं सांगणाऱ्यावर लोक विश्वास ठेवत नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.