आईने पाहिलेला नरनाळा

आमचं गाव अकोटच्या पूर्वेला. वावरात उभं राहिलं की उत्तरेला सातपुडा दिसतो, आणि त्यात एक सपाट माथा. तो नरनाळा. आईने लग्न होऊन आल्यापासून कापूस वेचताना तो रोज पाहिला होता, पण चढली कधीच नव्हती.

अमेरिकेत लढाई सुरू झाली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि आमच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. गावात कोणी माडी चढवली, कोणी बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं घातली. बाबांनी बसायची नवी बैलगाडी, दमणी, घेतली, आणि एका संध्याकाळी आईला विचारलं, "तुले काय घेऊ? हातात घालाले सोन्याचे गोठ घेतो का?"

आई म्हणाली, "मले नरनाळा पाह्यचा हाय."

"तिथं काहून? पडक्या भिंती हायेत नुसत्या."

"असू द्या. रोज तो मले पाह्यते, एकडाव मी त्याले पाह्यतो."

बाबांना हसू आलं, पण फाल्गुनात त्यांनी दमणी जुंपायला लावली. बैल मी हाकत होतो. तेव्हा मी विशीतला होतो. काळी रानं मागे पडली, कापसाच्या पराट्या उपटलेली वावरं संपली आणि गडाच्या पायथ्याला शहानूर गावापाशी पळस असा फुलला होता की बैलही बिचकले. तिथं दमणी सोडून आम्ही पायी निघालो. वाट सागाच्या वाळल्या पानांनी भरलेली होती. आईचे गुडघे दुखत होते. बाबा दोनदा म्हणाले, "परत जाऊ." ती ऐकलंच नाही असं दाखवून चालत राहिली.

एकामागून एक दरवाजे ओलांडून आम्ही महाकाली दरवाजापाशी आलो. मी तोवर बाळापूरचा किल्ला पाहिला होता, पण असा दरवाजा कुठे नव्हता. दगडात फुललेली कमळं, दोन्ही अंगांना सज्जे, वर वळणदार अक्षरांच्या ओळी. आईने पदराने घाम पुसला आणि कमळावरून हात फिरवला.

सावलीत मुंबईकडचा एक कापूस व्यापारी बसला होता. खरेदीसाठी आला होता, सहज गड पाहायला चढला होता. तो मला म्हणाला, "या रानात इतकी सुरेख कारागिरी? माणसं थेट दिल्लीहून आणली असणार. इथल्यांना हे कुठून जमणार?"

परक्यासमोर कधी तोंड न उघडणारी आई पुढे आली.

"आनले असतीन दिल्लीहून," ती शांतपणे म्हणाली. "पन त्याइले भाकर कोनं देली? एवढा दगड इथवर कोनं चढवला? आमच्याच मानसाइनं ना?"

व्यापारी उठून उभा राहिला. "खरं आहे, बाई," म्हणाला, आणि बसायला स्वतःची घोंगडी पुढे केली. आई बसली नाही. बाबा तिच्याकडे असे पाहत होते, जणू घरात इतकी वर्षं वावरणारी ही बाई त्यांना आजच भेटली होती.

माथ्यावर तलाव होते, लांबलचक तोफ होती, पण आई थांबली ती दक्षिणेच्या तटावर. खाली सगळा वऱ्हाड पसरला होता. काळी, तपकिरी रानं, मधे ओढ्यांच्या हिरव्या रेघा, आणि रस्त्यांवर मुंगीएवढ्या कापसाच्या गाड्या. तिने बोट करून आमच्या वावरातली चिंच दाखवली. बाबांना ती दिसेना. "ते पाहा, देवळाच्या उजव्या अंगाले," ती समजावत राहिली, आणि दिसल्यावर बाबांनी तीच मला बोट करून दाखवली.

पुढे लढाई संपली, कापसाचा भाव उतरला. गोठ घेणं राहिलंच. आईने त्याची आठवणही काढली नाही. पाव्हणे आले की मात्र ती त्यांना नरनाळ्याला धाडायची, आणि दरवाजे कोणत्या क्रमाने लागतात ते बजावून सांगायची.

पुढे तिला मी गाविलगडलाही नेलं. दिल्ली दरवाजावरचे सिंह, चिखलदऱ्याचं धुकं, खोल दऱ्या, सगळं तिने नीट पाहिलं.

"कसा हाय?" मी विचारलं.

"मोठा हाय," ती म्हणाली. "पन इथून आपलं वावर दिसत नाही."