रॅमवरचा नेलपॉलिशचा ठिपका

माझा कोणावर म्हणून भरवसा बसत नाही. पेट्रोल भरतानाही मी गाडीवरून उतरून मीटरकडे डोळे लावून उभा राहतो. मध्यप्रदेशातल्या आमच्या बालाघाटात तर वस्तू दुरुस्तीला टाकायची झाली की आतल्या पार्टांवर आधी नेलपॉलिशचा ठिपका लावायचा, अशी रीतच आहे. परत आल्यावर ठिपका दिसला तर माल आपला, नाही दिसला तर दुकानदाराने बदलला.

माझा कॉम्प्युटर क्लास आहे, सगळी मशीनं लिनक्सवर. मुख्य मशीनचा पंखा घरघरायला लागला तेव्हा ते साळ्याकडे द्यायचं ठरलं. तो जवळच्याच भरवेलीच्या मँगनीज खाणीत कामाला आहे आणि ड्युटी सुटली की कॉलनीतल्या खोलीत कॉम्प्युटर दुरुस्त करतो. बायकोचे आईवडील गेले, बहीण नाही. तिचं माहेर म्हणजे हा एकच धाकटा भाऊ. त्याच्यावर संशय घ्यायचं काही कारण होतं का? नव्हतं. तरी मी बायकोची नेलपॉलिश गुपचूप उचलली, रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, चार-चार जीबीच्या दोन्ही पट्ट्या काढल्या आणि कोणाला दिसू नये म्हणून ठिपके अगदी खाली, करंट जातो त्या सोनेरी दातांच्या जरा वर लावले. घाई होती, ओल्या पट्ट्या तशाच खोचल्या.

दोन दिवसांनी तो मशीन मोटरसायकलला बांधून घेऊन आला. "भाऊजी, मस्त चालून राह्यलं," म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबलं तर स्क्रीनभर अक्षरं धावली आणि शेवटी 'कर्नल पॅनिक'. म्हणजे लिनक्सने सुरू होतानाच हात टेकले. जुना कर्नल, म्हणजे लिनक्सचा आधीचा गाभा, निवडून पाहिला, तेच. पेन ड्राइव्हवरून सुरू केलं तर कसंबसं चालू झालं. मेमरी पाहिली, आठ जीबीच्या जागी चार! माझं डोकंच फिरलं. एक पट्टी गेली म्हणजे गेलीच, आणि ती कोणी नेली हेही मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. झाकण खोलून पाहायला पाच मिनिटं लागली असती. मी फोन उचलला.

"काहून रे, माही रॅम काढून कोनाच्या मशीनमधी टाकली?"

"भाऊजी, मी फक्त पंखा बदलवला. खोलून पाहा न एकदा."

"मले नको शिकवू! घरच्याच मानसाकडे चोरी करतं काय बे?"

त्याने फोन ठेवला. मागे वळलो तर दारात बायको उभी होती. क्लास घरातच समोरच्या खोलीत, तिने सगळं ऐकलं होतं.

"माह्या भावाले चोर म्हनलं तुम्ही," ती म्हणाली. "आता खोला. माह्यासमोर खोला."

खोललं. दोन्ही पट्ट्या जागेवर, दोन्ही माझ्याच. एकीवरचा ठिपका ओघळून खालच्या दातांवर पसरला होता आणि वाळून कडक झाला होता. येताना मोटरसायकलच्या हादऱ्यांनी पट्टी जराशी सरकली असणार, आता तिथून करंटच नीट जात नव्हता. वा रे शहाण्या! बायकोनेच रिमूव्हरची बाटली आणून आदळली. दात पुसले, खोडरबरने घासले, पट्टी परत बसवली. मशीन एका झटक्यात सुरू झालं. पूर्ण आठ जीबी. मला मान वर करायची लाज वाटत होती.

दुपारीच दोघं भरवेलीला गेलो. "माह्यंच चुकलं," मी म्हटलं. "हौ, होते असं कधी," तो म्हणाला आणि खुर्ची पुढे केली. मला वाटलं, मिटलं.

काही महिन्यांनी दुसरं मशीन बंद पडलं. तो बोलावल्याबरोबर आला, पण न्यायला तयार होईना. माझ्याच टेबलावर खोललं, एकेक पार्ट माझ्यासमोर मांडला, प्रत्येकाचा नंबर वाचून दाखवला, मोबाइलवर फोटो काढले. मग म्हणाला, "पाहून घ्या सर, सगळं हाये न?"

सर! मला सर म्हणतात ते क्लासमधले विद्यार्थी. हा लग्नाच्या दिवसापासून भाऊजी म्हणत आलेला. काळजाला लागलं.

बायको त्याच्यासाठी ताट घेऊन आली होती. तिनेही ऐकलं. ताट त्याच्यापुढे ठेवलं आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "जेवून घे. मंग मले घेऊन चाल भरवेलीले."