सात करवंट्यांची बाग

आधीच सांगतो... भूतखेत, करणी, अंगात येणं, यातलं काही मी मानत नाही. उभा जन्म लॅबमध्ये गेला. त्यामुळे हे वाचून कुणी "साहेब, तुम्ही पण?" म्हणालं तर खुशाल म्हणा.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तारापूर एमआयडीसीत मी केमिस्ट होतो. चिंचणीला एका वाडीत भाड्याने राहायचो — मी, बायको शैला आणि आमची आठ वर्षांची मिनू. मागे परस, परसात विहीर. मिनूच्या हृदयाला जन्मापासून भोक होतं. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, "आनंदात ठेवा." याचा अर्थ न कळण्याइतके आम्ही अडाणी नव्हतो.

तर मिनूचा आनंद म्हणजे परीची बाग. विहिरीजवळ नारळाच्या सात करवंट्या उपड्या घालून तिने घरं करवून घेतली. इंद्रधनुष्याचे रंग सात, म्हणून पऱ्याही सात. परी कुठल्याही महिन्यात आली तरी फूल हवंच, हा तिचा हुकूम. म्हणून उन्हाळ्याचा मोगरा, पावसाळ्याचा तेरडा, दसऱ्याचा झेंडू, थंडीची शेवंती. बाईसाहेब खुर्चीत, आणि शिफ्ट करून आलेला मी कुदळ घेऊन चिखलात!

श्रावणात आमच्या घरमालकीण काकी परसात आल्या आणि जागीच थबकल्या.

"बाय, ह्या सात कोणी मांडल्या? त्या पण इहिरीकडं?"

"मिनूच्या पऱ्या आहेत, काकी," शैला म्हणाली.

"पऱ्या नाय, आसरा हायत त्या. पाण्यातल्या. मांडल्या म्हणजे बोलावल्या. घरात पोर आजारी हाय ना? ओटी भर नि तोंडानं 'जा' म्हण. आमी तसंच करतो."

मिनू रडायला लागली. "आई, माझ्या पऱ्यांना हाकलू नको ना!"

मला हसू येत होतं. पण शैला तेव्हा कशालाही नाही म्हणायच्या पलीकडे गेली होती. तिने हिरवा खण, नारळ, तांदूळ घेतले, हळदकुंकू वाहिलं, साती घरांपुढे ओटी भरली. उठली आणि घरातून निघालेल्या सवाष्णीला आपण म्हणतो तसं सवयीने म्हणून गेली, "बरं, या हं!"

लगेच जीभ चावली तिने. मिनूने टाळ्या पिटल्या. "आई 'या' म्हणाली! आता त्या येणार!" मीही पोट धरून हसलो. काकी मात्र ठेवलेला चहा न घेताच गेल्या.

त्याच आठवड्यात एका दुपारी मी घरी आलो तर मिनू मागच्या दारात उभी. धापा टाकत, पण चेहरा इतका खुललेला मी कधी पाहिला नव्हता. "बाबा, आल्या..."

परसात तेरडा होता, तो असणारच. पण मोगरा फुलला होता. झेंडू फुलला होता. शेवंतीची पिवळी फुलं वाऱ्यावर हलत होती. सकाळी तिथे कळीसुद्धा नव्हती. मोगऱ्याच्या वासापुढे अंगावरचा कंपनीचा वास मला येईना. करवंट्यांजवळ कुणीही नव्हतं, आणि मिनू तिकडे बघून हात हलवत होती. मी घाबरलो. तिला उचललं आणि दार लावून घेतलं.

दिवेलागणीला शैलाच्या मांडीवर ती गेली. झोपल्यासारखी.

शेजारच्या बायकांनी परसातली फुलं तोडून तिच्या अंगावर ठेवली. कुणीतरी मला हळूच विचारलं, "श्रावणात शेवंती कुठून आणलीत?" दुसऱ्या दिवशी बघतो तर फक्त तेरडा. शेवंतीवर खुडल्याची खूणसुद्धा नाही.

कंपनीतले म्हणाले, हवेतल्या गॅसने झाडं अवेळी फुलतात. मी पुष्कळ वाचलं, शोधलं. एका दुपारपुरती फुलवणारा गॅस मला सापडलेला नाही. आता सापडेल असं वाटतही नाही.

ते घर आम्ही सोडलं. पाहुणे निघाले की शैला अजून नुसती मान हलवते. मी रोज घराबाहेर पडताना "येतो" म्हणतो. आतून "या" येत नाही.