तात्यांचे टॅग आणि मी

तात्यांना मी दोन वर्षांपूर्वीच माझ्या प्रोफाइलवरून हाकललं होतं.

परवा सकाळी ते खरंच गेले. छातीत दुखतंय म्हणाले, विट्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. तीस वर्षं मदुराईला गलाईचं दुकान, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायचं काम. आमच्या भागातली निम्मी माणसं याच धंद्यापायी परमुलखात असतात.

साठीला गावी परतले आणि हातात स्मार्टफोन आला. मग काय विचारता!

बैलाचा फोटो. दारातल्या पपईचा फोटो. नवीन बसवलेल्या मोटरीचा फोटो. आणि प्रत्येक फोटोत टॅग केलेली भावकीतली चाळीस माणसं.

एकालाही सोडायचे नाहीत. त्याला कारण होतं.

मदुराईला असताना भावकीतल्या एका लग्नपत्रिकेत त्यांचं नाव राहिलं होतं. सगळ्या चुलत्यांची नावं छापलेली, फक्त तात्या नाहीत. गाड्या बदलत बदलत आलेला माणूस, मांडवात पत्रिका वाचली आणि न जेवता परत गेला.

"आमी लांब हाय म्हणून मेलो काय रं?" एवढंच भावाला म्हणाले होते.

हा किस्सा मी लहानपणापासून ऐकलेला. तरीही मी जे केलं ते केलं.

मी साताऱ्यात कॉलेजात शिकवते. एकदा वर्गात मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, बैलाच्या शिंगावर तुमचं नाव आहे!"

अख्खा वर्ग हसला. फोटोखाली तात्यांनी लिहिलं होतं, 'आमची वैशी, साताऱ्याला मॅडम हाय'.

मला लाज वाटली. बैलाची नाही, तात्यांची. खरं तेच आहे.

त्याच संध्याकाळी सेटिंगमध्ये गेले. टॅग रिव्ह्यू ऑन, म्हणजे मला विचारल्याशिवाय कुणाचा टॅग माझ्या भिंतीवर यायचा नाही. जुने टॅग एकेक करून रिमूव्ह. तात्या अनफॉलो. कुणाला काही कळत नाही म्हणे, फार सोयीचं.

तात्यांना कळलं. ते आपल्या फोटोवरची नावं रोज तपासायचे, हे मला कुठं ठाऊक?

फोन आला. "वैशे, तुझं नाव टिकतच न्हाई गं फोटूवर. राती टाकतोय, सकाळी बघतोय तर गायब."

"अॅपमध्येच काहीतरी बिघाड आहे, तात्या."

"व्हय का? बरं झालं बाई. मला वाटलं मीच काय तरी चुकीचं दाबलं."

ते पुन्हा टॅग करायचे. मी पुन्हा काढायचे. महिनाभर चाललं. मग एक दिवस टॅग यायचे बंद झाले आणि मी सुटले म्हणून चहा करून प्यायले.

दिवाळीला गावी गेले तेव्हा आगाऊपणे मीच विचारलं, "तात्या, मोबाईल झाला का नीट?"

"झाला की. लय दिवस झालं," म्हणाले आणि फराळाचं ताट माझ्यापुढं सरकवलं.

आज सावडायचं झालं. दुपारी सचिन म्हणाला, म्हणजे तात्यांचा मुलगा, "ताई, फ्लेक्सला चांगला फोटू निवड की. त्यांच्या प्रोफाइलवर असतील."

दोन वर्षांनी मी त्यांचं प्रोफाइल उघडलं.

प्रत्येक फोटोत एकोणचाळीस टॅग. निळ्या अक्षरातले. आणि सगळ्यात शेवटी साध्या काळ्या अक्षरात, हातानं टाईप केलेलं, 'वैशाली'.

टॅग नाही. नुसतं नाव. मला नोटिफिकेशन जाणार नाही, माझ्या भिंतीवर दिसणार नाही, माझा एकही विद्यार्थी हसणार नाही असं.

पपईखाली वैशाली. मोटरीखाली वैशाली. गेल्या आठवड्यात गव्हाला पाणी देतानाचा फोटो, त्याखालीही वैशाली.

मी सचिनकडं बघितलं.  मग त्यानं सांगितलं.

मोबाईल बिघडलाय म्हणून तात्या विट्यात दुकानात तीनदा गेले होते. तिसऱ्या खेपेला दुकानदार म्हणाला, "मोबाईल चांगला हाय, तात्या. पलीकडनंच नाव काढत्यात. टॅग नगं आसंल त्यास्नी."

"मग नाव घालायचंच न्हाई का?"

"नुसतं टाईप करा. त्यांच्याकडं जात न्हाई, तुमच्याकडं ऱ्हातंय."

परतताना सचिनच गाडी चालवत होता. तात्या मागं बसले होते. दारात उतरल्यावर म्हणाले, "पोरगी मॅडम हाय. तिला आडचण हुत आसंल. घरात कुणाला बोलू नगंस."

म्हणजे दिवाळीला त्यांना सगळं माहीत होतं. मी तोंड वर करून मोबाईलची चौकशी करत होते, आणि त्यांनी मला वाचवलं.

मला रडायलाही लाज वाटत होती. काकींसमोर कुठल्या तोंडानं रडू?

तेवढ्यात सचिन फ्लेक्सच्या नावांची यादी घेऊन आला. शोकाकुल म्हणून अख्खी भावकी.

"ताई, तुझं नाव घालू न्हवं? म्हटलं इचारल्यालं बरं."

टोमणा नव्हता तो. पोरानं खरंच मनापासून विचारलं.

"घाल रे," एवढंच कसंबसं म्हणाले.

तात्या, या पोस्टमध्ये तुम्हाला टॅग केलंय. विचारलं नाही, रिव्ह्यू नाही, काही नाही. टाकताक्षणी तुमच्या भिंतीवर दिसणार. तुम्ही तिथं कुणालाच कधी अडवलं नाहीत.

माफ करा मला.

तुमची वैशी