भुलीत घेतलेलं नाव

"फायब्रॉइड आहे, म्हणजे गर्भाशयातली गाठ. ऑपरेशन करावंच लागेल," मुंबईच्या मोठ्या इस्पितळात डॉक्टर म्हणाले, तेव्हा माझं निम्मं लक्ष आमच्या गावी, उत्तनला वाळत टाकलेल्या बोंबलांकडे होतं. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. सुकवणीचे दिवस टाकून आजारी पडणं आम्हा कोळणींना परवडत नसे.

ऑपरेशन लांबलं. पुढचं थोडं मला आठवतं, बाकीचं घरच्यांनी नंतर सांगितलं. शुद्ध आली तेव्हा पलंगाखाली मला पाणीच पाणी दिसत होतं आणि सिस्टर माझी मासळी पळवायला आलेली चोर वाटत होती. मी सलाईनची नळी उपटली. शेवटी बँडेजच्या पट्ट्यांनी माझे हात पलंगाला बांधले.

त्याहून वाईट म्हणजे मी आमच्या ह्यांना नावाने हाका मारत होते. "ए धर्मा, होडी आण!" अख्ख्या वॉर्डात. आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव उच्चारत नाही. सासूबाई तोंडाला पदर लावून रडल्या. सून कामातून गेली, असंच त्यांनी धरलं.

डॉक्टरांनी समजावलं, की ह्याला डिलिरियम म्हणतात, मोठ्या भुलीनंतर मनाचा असा गोंधळ उडतो आणि बहुधा दोन-चार दिवसांत निवळतो. म्हणून मीही सांगते, तुमच्या माणसाचं असं झालं तर घाबरू नका. भगताकडे धावू नका. जवळ बसा, बोलत राहा.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी जागी झाले ती पूर्ण भानावर. डॉक्टरांनी वार विचारला, गाव विचारलं. सगळं बरोबर सांगितलं. मग पायथ्याशी उभ्या असलेल्या ह्यांच्याकडे बोट करून त्यांनी विचारलं, "ह्यांचं नाव काय?"

मी मान खाली घातली. त्यांनी पुन्हा विचारलं. सगळं कळत होतं, पण सासूबाईंसमोर जीभ उचलेना. हात अजून बांधून ठेवा, असं डॉक्टर सिस्टरला म्हणाले. सुधारणा नाही झाली तर वेड्यांच्या डॉक्टरांना दाखवू, असंही. मला रडू कोसळलं. हे हळूच म्हणाले, "सांग गो." तरी नाही.

तेवढ्यात सासूबाई पुढे आल्या. घरात त्यांच्या जिभेला आम्ही सगळेच टरकून असायचो.

"डॉक्टर, नाव घेत व्हती तवा ती येडी व्हती. आता घेत न्हाय, म्हंजे माझी सून शुद्धीवर हाय. हात सोडा तिचे."

डॉक्टरांनी स्वतःच पट्ट्या सोडल्या. मोकळ्या झालेल्या हाताने मी सासूबाईंचा हात धरला. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, पण त्यांचा हात मी तेव्हा पहिल्यांदा धरला, आणि त्यांनी तो बराच वेळ सोडवून घेतला नाही.